दुसरा पाय

नाक्यावरच्या पोलिसाने पास दाखवा म्हणून हात पुढे केला आणि नेमका त्याच वेळी ब्रदरचा फोन थरथरला. पासही फोनमध्येच होता, त्यामुळे दोघांनी एकदमच पडद्यावर पाहिलं. पडद्यावर एक पाय होता. गुडघ्याखालचा, म्हातारा, स्वच्छ पुसलेला पाय. त्याच्याभोवती ॲपने रंगीत कागदाचे कपटे उधळले होते आणि खाली लिहिलं होतं, 'अभिनंदन! आपल्या रुग्णाची जखम पूर्ण भरली आहे.' "लग्न ठरलं की काय पायाचं?" पोलीस मास्कच्या आतून म्हणाला आणि ब्रदरही हसला. कितीतरी दिवसांनी एका अनोळखी माणसाने त्याच्याशी चेष्टा केली होती. घरोघर जाऊन आजाऱ्यांचं करणारा पुरुष म्हणून त्याला सगळे ब्रदरच म्हणत. रोगाची साथ नव्हती तेव्हा त्याची बायकोसुद्धा चिडली की त्याला ब्रदर म्हणायची आणि मग स्वतःच जीभ चावायची. आता बायको आणि मुलगी सासऱ्यांकडे होत्या. आपल्या कामाची जोखीम त्यांना नको म्हणून त्यानेच त्यांना पाठवलं होतं. मुलगी रोज फोनवर इतक्या जवळ यायची की पडद्यावर नुसती नाकपुडी दिसायची, आणि तो त्या नाकपुडीशी बोलायचा. पोलिसाने जायची खूण केली. ब्रदरने स्कूटर सुरू केली. तिकीटवाल्या आजींचा पाय बरा झाला, असं तो मोठ्याने स्वतःला सांगत राहिला, आणि पुढच्या वळणापर्यंत त्याला खरोखर आनंद झाला होता.

वळणानंतर तो आनंद कुठे गेला ते त्याला कळलं नाही. वकीलसाहेबांच्या घरी पोचेपर्यंत मनाला काहीतरी टोचत होतं. वकीलसाहेब अंथरुणाला खिळलेले. त्यांना कुशीवर घेणं, पाठ पुसणं, चादर बदलणं, सगळं हात आपसूक करत होते. त्यांच्या डाव्या पोटरीवरून ओलं फडकं फिरवताना त्याचा अंगठा घोट्याच्या जरासा वर येऊन थांबला. इथे खळगा असतो. वकीलसाहेबांना नसतो, आजींना असतो. जुनी जखम एकदा भरून पुन्हा उघडली होती, तिथलं मांस काही परत आलं नव्हतं. मलम चोळताना अंगठा नेमका त्या खळग्यात बसायचा. फोटोतल्या पायाला खळगा नव्हता. ब्रदरने हातमोजे काढले, हात धुतले आणि न्हाणीघराच्या दारात उभं राहून फोटो दोन बोटांनी मोठा केला. भरलेल्या जखमेची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गुलाबी, चमकणारी असते. ही कातडी नुसती म्हातारी होती. आणि घोट्याच्या हाडावर सँडलच्या पट्ट्याने पडलेला काळा घट्टा होता. तो घट्टा उजव्या पायाचा. आजींनी उजवा पाय दाखवला होता. ॲपला लाल कळायचं, पिवळं कळायचं, काळं कळायचं. डावंउजवं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. आतून वकीलसाहेब विचारत होते, "ब्रदर, गेलात काय हो? मी उघडा आहे इकडे."

आजींचे ते दोन्ही पाय त्याला स्वतःच्या पायांपेक्षा जास्त माहीत होते. बादलीत प्लास्टिकची पिशवी घालून त्यात कोमट पाणी ओतायचं, डावा पाय हलकेच सोडायचा, सुटलेली खपली अलगद काढायची, पुसून, मलम लावून बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी चढवायची. हे झालं की आजी उजवा पाय पुढे करायच्या. "यालाही जरा हात लाव. नाहीतर रुसेल. म्हणेल, मी धडधाकट राहिलो हा माझा गुन्हा झाला." मग तो उजवाही धुवायचा, चोळायचा. कामाच्या वेळेत ते बसत नसे, पण त्याने कधी हात आखडता घेतला नाही. आजी डोळे मिटून बसायच्या. नवरा नाही, मूल नाही, भावाची मुलं कुठेतरी लांब. सगळा जन्म एका सिनेमाघराच्या तिकीटखिडकीत गेलेला. ती खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक भोक, त्यातून माणसाचा फक्त हात आत यायचा. हातावरून आजी सांगायच्या, हा आज पळून आलाय कामावरून, हिचं नवीन लग्न झालंय, याला एकच तिकीट हवंय पण मागायची लाज वाटतेय. "तुझं मात्र काही कळत नाही," त्या ब्रदरला म्हणायच्या. "हात मोज्यात, तोंड फडक्यात, वरून ती चेहऱ्यापुढची काच. माणूस येतोस की पार्सल?" त्यांच्याकडे तो येऊ लागला ते साथ सुरू झाल्यावरच. आधीची बाई काम सोडून गेली होती. आजींना ऐकायला कमी यायचं, म्हणून मास्क आणि काच यांच्या आतून तो ओरडून बोलायचा, आणि घरी गेल्यावर त्याचा घसा दुखायचा. घरी म्हणजे त्या एका खोलीत. तिथे आल्यावर साबणाने आणि मोज्यांतल्या घामाने सुरकुतलेली स्वतःची बोटं तो बघत बसायचा. दिवसभर इतक्या अंगांना हात लावायचा आणि त्याच्या अंगाला कुणाचा हात लागत नव्हता. आजींच्या घरून निघताना त्या त्याच्या मनगटावर, मोजा संपतो तिथे, दोन बोटं टेकवायच्या. नियमात ते बसत नव्हतं. तो मनगट लगेच काढून घेत नसे.

मग ब्रदरच्या ऑफिसने रुग्णांना टॅब वाटले. रुग्णाने रोज सकाळी जखमेचा फोटो काढायचा, ॲप जखम मोजणार, आकडा देणार. आकडा मोठा तर ब्रदर घरी येणार. आकडा लहान होत गेला की भेटी कमी, मग नुसती पडद्यावरची भेट, मग तीही नाही. साथीत माणसांची ये-जा जितकी कमी तितकं बरं, हे कुणालाही पटण्यासारखं होतं. ब्रदरलाही पटलं. त्यानेच आजींना फोटो काढायला शिकवलं. पाय स्टुलावर, टॅब दोन्ही हातांत, श्वास धरायचा. त्या शाळेतल्या मुलीसारखा श्वास धरायच्या आणि फोटो निघाल्यावरही सोडायला विसरायच्या. "सोडा आता," तो ओरडायचा. आकडा उतरू लागला. आणि मग एके दिवशी चढला. पुन्हा चढला. ब्रदरला घरी पाठवण्यात आलं. त्याने पट्टी सोडली आणि बघत राहिला. जखमेची कड वेडीवाकडी असते, नकाशातल्या किनाऱ्यासारखी. ही एका बाजूने सरळ होती.

"आजी, हे काय?"

ऐकायचं नसलं की आजी कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवायच्या. त्यांनी ते काढलं. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसून राहिला, हातात त्यांची टाच. बऱ्याच वेळाने त्यांनी यंत्र परत घातलं आणि म्हणाल्या, "चमचा."

"का पण?"

"तू यायचा बंद होशील म्हणून." आणि टॅबकडे बोट दाखवून म्हणाल्या, "तो येतो रोज. विचारतो, दुखतंय का, एक ते दहा. मी म्हणते दहा. तो म्हणतो, धन्यवाद."

स्वतःला इजा करून घेणारा रुग्ण एकटा राहू द्यायचा नाही, ताबडतोब कळवायचं, असा ऑफिसचा नियम होता. कळवलं असतं तर गाडी आली असती, त्यांना वॉर्डात नेलं असतं, आणि त्या दिवसांत वॉर्डात गेलेली म्हातारी माणसं परत येत नव्हती. हे कारण खरं होतं. पण दुसरंही एक होतं आणि ते ब्रदरला त्याच क्षणी जाणवलं होतं; कुणीतरी आपल्यासाठी कातडी सोलून घेतली, या गोष्टीने त्याला धक्का बसला तसं आतून बरंही वाटलं. त्या बऱ्या वाटण्याची त्याला अजून भीती वाटायची. तेव्हा मात्र त्याने आजींची टाच घट्ट धरली आणि एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "पाय बरा करा. बरा झाला की मी येतो. ब्रदर म्हणून नाही, पाहुणा म्हणून. मास्क नाही, मोजे नाहीत, बादली नाही. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येईन. समोर बसून चहा पिईन."

"शब्द?"

"शब्द."

किती सहज दिला होता. मुलीला तो रोज फोनवर असेच शब्द द्यायचा. पुढच्या आठवड्यात येतो, नक्की येतो. त्यानंतर आजींचा आकडा उतरत गेला. त्याला दुसरा भाग दिला गेला, फोटो यायचे बंद झाले, रोज नुसता एक आकडा यायचा, आदल्या दिवशीपेक्षा लहान. त्याचा जीव भांड्यात पडला होता. मनात आलं होतं, एकदा चक्कर टाकावी. पण पास निघायचा तो यादीतल्या रुग्णापुरता, आणि जखम भरत आलेल्या माणसाकडे जायचं कारण काय सांगणार? शिवाय संध्याकाळी स्कूटरवरून उतरताना पाय उचलत नसत. शिवाय आकडा उतरत होता. एवढ्या सगळ्या शिवायांवर त्याने ते दिवस काढले होते.

वकीलसाहेबांना पांघरूण घालून तो जिन्यात आला. वर अजून एका मजल्यावर इंजेक्शन द्यायचं होतं, त्यामुळे मास्क आणि काच तशीच ठेवून त्याने आजींना व्हिडिओ लावला. टॅब त्यांनी नाकासमोर धरला असावा. एक डोळा आणि कपाळ दिसलं.

"दिसला का पाय?" हॅलो नाही, काही नाही.

"दिसला. आजी, आता डावा दाखवा."

"हो, हो. बरा झाला."

"डावा! डावा पाय!"

ओरडणं जिन्यातून वर गेलं. कुणीतरी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. टॅब जरा मागे सरला; आजी हसत होत्या, पण ओठ कोरडे होते आणि गाल तापलेल्या माणसाचे असतात तसे लाल. "ऐकू येत नाही रे बाबा नीट. तू कधी येतोस ते सांग. कप काढून ठेवलेत." मग चित्र कलंडलं. छत दिसलं, दिवा दिसला, आणि फोनने त्याला विचारलं, ही भेट कशी वाटली, किती तारे द्याल.

त्याने ऑफिसातल्या मॅडमना फोन लावला. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर इतकी माणसं होती की एखादं कमी झालं की त्यांना श्वास घ्यायला मिळायचा. "अहो ब्रदर, केस बंद झाली ती. पाय तो नाही म्हणजे? पाय काय बदलून मिळतो का कुठे?" चमच्याची गोष्ट सांगितली असती तर त्यांनी खुर्ची सोडून धावपळ केली असती, हे त्याला माहीत होतं. ती सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते, "मला शंका आहे." मॅडम थकून म्हणाल्या, "शंकेचा रकाना नाहीये हो यात. उद्या बघते मी, नक्की." वरच्या मजल्यावरच्या बाईंना इंजेक्शन देऊन तो खाली आला. स्कूटर नाक्याच्या अलीकडेच एका बंद दुकानासमोर लावली आणि बॅग खांद्याला मारून गल्ल्यागल्ल्यांतून पायी निघाला. रस्ते रिकामे होते. एका खिडकीत बसलेला माणूस त्याच्याकडे टक लावून पाहत होता. ब्रदर पुढे गेल्यावरही मान वळवून पाहत राहिला. पासाशिवाय चाललोय याची भीती वाटायला हवी होती. वाटत होती ती वेगळीच. आपण पोचू आणि पाय खरंच बरा असेल, आणि मग आपल्याला आत बसून चहा प्यायचा धीर होणार नाही.

दार नुसतं लोटलेलं होतं. आजी खुर्चीत बसल्या होत्या, ठेवणीतले कपडे, केस विंचरलेले, मांडीवरून खाली चादर. टेबलावर दोन कप पालथे घातलेले. वास मास्कमधूनही आला. त्या वासाला ब्रदर नेहमी 'तो वास' म्हणायचा. एकदा आला की पुढचं सगळं कळतं. त्याने काही न विचारता चादर बाजूला केली. पट्टी आजींनी स्वतःच गुंडाळली होती, सैल, कुठून कुठेही. खालून पिवळं झिरपलं होतं आणि लाली गुडघ्याच्या वर चढली होती. पायाला हात लावताच मोज्यातूनही चटका बसला.

"लांबून फोटो काढला की जखम लहान दिसते," आजी म्हणाल्या. चोरी पकडली गेल्याचं त्यांच्या आवाजात काही नव्हतं, उलट जरा फुशारकी होती. "माझं मलाच कळलं ते. रोज थोडा लांबून. मग म्हटलं, लहान तरी कशाला, हा आहे की दुसरा." आणि मग, "तू बरं व्हा म्हणालास. मी कुठून होऊ? म्हटलं, तू तरी लवकर ये."

ब्रदर खाली बसला. त्याला रागावायचं होतं. त्याला त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायचं होतं, आणि दोन्ही गोष्टी त्या पोशाखात करता येण्यासारख्या नव्हत्या. त्याने गाडीसाठी फोन केला. पाय धुतला, पट्टी बांधली, नेहमीसारखी, बोटांपासून गुडघ्यापर्यंत. उजवा पाय आजींनी पुढे केला नाही. त्यानेच तो स्वतःहून हातात घेतला आणि चोळला. त्या एकटक त्याच्या काचेकडे पाहत होत्या.

"पाहुणा आलास ना?"

"नाही आजी. आज ब्रदर."

"मग चहा नाही," त्या म्हणाल्या आणि हसायला गेल्या. "तोंड उघडल्याशिवाय चहा कसा पिणार तू?"

"पाहुणा म्हणून येणार आहे. तिथे येईन भेटायला."

"इस्त्रीचा शर्ट?"

"इस्त्रीचा शर्ट."

गाडीत सोबत कुणाला घेत नव्हते. आजींची पिशवी त्याने भरली, यंत्राच्या जास्तीच्या बॅटऱ्या घातल्या, आणि दार लागल्यावर रस्त्यात उभा राहिला. पाठोपाठ मॅडमचा फोन आला. त्याने चमच्यासकट सगळं सांगितलं. मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आधी बोलायला हवं होतंत ब्रदर." तो हो म्हणाला. आधी बोललो असतो तर आधी वॉर्डात गेल्या असत्या, असं तो नंतर रात्रंदिवस स्वतःशी मांडत राहिला, आणि ते मांडताना प्रत्येक वेळी त्याला ती सरळ कड आठवायची आणि तेव्हा आपल्याला बरं वाटलं होतं हेही. वॉर्डात फोन करून तो चौकशी करायचा. पाय वाचेल म्हणाले. मग ताप उतरत नाही म्हणाले. मग तिथेच त्यांना साथीचा तो आजार लागला, आणि पायाबद्दल कुणी काही सांगेनासं झालं. भेट बंद. पण दुपारी एक परिचारिका वॉर्डातला फोन घेऊन खाटांमधून फिरायची, घरच्यांनी व्हिडिओवर दोन शब्द बोलावेत म्हणून. घरचे म्हणून ब्रदरने आपला नंबर लिहून दिला होता.

आजींचा फोन ठरला त्या दुपारी त्याने सुट्टी घेतली. दाढी केली. गालांवर मास्कच्या दोऱ्यांनी पडलेले वळ होते आणि नाकाच्या दांड्यावर एक घट्टा. आरशातला तो माणूस त्यालाच जरा परका वाटला. शर्टाला स्वतः इस्त्री केली. खुर्ची खिडकीशी ओढली, म्हणजे उजेड तोंडावर पडेल. चहा केला आणि कप फोनच्या शेजारी ठेवला. वेळेवर फोन वाजला आणि आधी परिचारिकेची डोळ्यांपुरती काच दिसली. "तुमच्याच आजी ना? आज तब्येत जरा खालावली आहे त्यांची. कानातलं यंत्र काढून ठेवलंय, ऑक्सिजनचा पट्टा अडतो त्याला. खुणांनीच बोला." मग चित्र हललं, आणि आजी दिसल्या. इतक्या लहान. पण डोळे उघडे होते आणि ते सरळ पडद्यावर आले.

ब्रदर हसला. सगळं तोंड भरून हसला. कप उचलून दाखवला. "आलो," तो म्हणाला, "आजी, आलो."

आजी बघत राहिल्या. कपाळावर आठी पडली, मग सभ्यपणे सैल झाली. "कोण आपण?" आवाज मास्कमध्ये घुमत होता. "मला ऐकू येत नाही हो. चुकून लागला वाटतं."

"मी. आजी, मी ब्रदर."

"ऐकू येत नाही," त्या पुन्हा म्हणाल्या, समजावल्यासारखं. "तुमचं माणूस पलीकडच्या खाटेवर असेल. विचारा त्या मुलीला."

ब्रदरने शर्टाच्या खिशाला हात लावला. मास्क तिथे नव्हता, तो खुंटीवर होता. मग त्याने पंजा नाकातोंडावर दाबून धरला, फक्त डोळे वर राहतील असा, आणि पडद्याच्या अगदी जवळ गेला.

"खोकला आहे होय तुम्हाला?" आजींच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी आली. "जपा हो. एकटे असाल तर कुणालातरी बोलावून घ्या." त्यांना धाप लागली, त्या थांबल्या आणि पुन्हा बोलल्या. "आता ठेवा तुम्ही. फोन अडवू नका. आमचा पाहुणा यायचाय."

परिचारिकेने फोन उचलला. छत आलं, एक दिवा आला, आणि पुढच्या खाटेवरचं कुणीतरी. ब्रदर हात तोंडावरून न काढता खिडकीशी बसून राहिला.